ऊस, तांदूळ आणि बेट : मॉरिशसच्या अन्नस्वावलंबनाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

मार्च १९४२ मध्ये रंगून जपानी फौजांच्या हाती पडले. हिंदुस्थानच्या इतिहासात या घटनेचा संबंध बंगालच्या दुष्काळाशी जोडला जातो, आणि तो योग्यच आहे. परंतु त्याच घटनेने हिंदी महासागराच्या नैर्ऋत्येकडील मॉरिशस या छोट्या बेटावर कोणता प्रसंग ओढवला, याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. बेटाचे क्षेत्रफळ जेमतेम १,८६५ चौरस किलोमीटर, आणि १९४४ च्या खानेसुमारीनुसार लोकसंख्या सुमारे चार लाख वीस हजार. जमीन काळी, ज्वालामुखीजन्य, पाऊस भरपूर. तरीही या लोकांचे रोजचे अन्न, म्हणजे तांदूळ, ब्रह्मदेशातून बोटीने येत असे. बोट थांबली आणि सुपीक भूमीवर उपासमारीचे सावट आले.

सुपीक जमिनीवर राहणारा समाज अन्नासाठी परावलंबी कसा होतो, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. ‘अन्नसुरक्षा’ ही संज्ञा १९७४ च्या रोम येथील जागतिक अन्न परिषदेनंतर रूढ झाली. मॉरिशसपुढील प्रश्न मात्र त्याहून दोन शतके जुना आहे. त्याची चर्चा बहुधा निसर्गाच्या अंगाने केली जाते : बेट लहान, वादळे वारंवार, मुख्य भूमी दूर. ही कारणे खोटी नाहीत, परंतु ती अपुरी आहेत. जमिनीत काय पेरायचे हे ठरविणारा आणि त्या जमिनीवर राबून जेवणारा हे दोघे या बेटावर प्रारंभापासून वेगळे राहिले, आणि परावलंबनाचे मूळ या फारकतीत आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. मुंबई बंदरातून गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज आजही त्या बेटावर नांदत असल्यामुळे मराठी वाचकाला हा विषय सर्वस्वी परका नाही.

मॅनिऑकची सक्ती

डचांनी १६३८ मध्ये बेटावर वसाहत केली, १६३९ मध्ये जावाहून ऊस आणला आणि १७१० मध्ये बेट कायमचे सोडले. जहाजांतून उतरलेल्या उंदरांनी पिके फस्त केली, उरलेल्यांवर वादळे आली. या पर्वात येथे अधिक रेंगाळण्याचे कारण नाही.

फ्रेंचांचा काळ मात्र बोधप्रद आहे. १७३५ ते १७४६ या काळात गव्हर्नर असलेल्या माहे द ला बुर्दोने याने पोर्ट लुई बंदर उभारले आणि गुलामांच्या पोटापाण्यासाठी ब्राझीलमधून मॅनिऑक आणविले. ज्या कंदापासून आपल्याकडचा साबुदाणा बनतो तोच हा कंद. वादळात धान्य आडवे होते, कंद मात्र जमिनीखाली सुरक्षित राहतो. त्यामुळे चक्रीवादळांच्या बेटासाठी ही निवड शहाणपणाचीच म्हणावी लागेल. परंतु मळेवाल्यांना ती रुचली नाही. आपली जमीन आणि आपल्या गुलामांचे श्रम निर्यातीच्या पिकाऐवजी गुलामांच्याच पोटासाठी का वेचायचे, हा त्यांचा रोख होता. मॅनिऑक लावण्याची सक्ती करावी लागली, आणि हे पीक येथे येतच नाही असे दाखविण्यासाठी काही मळेवाल्यांनी रोपांवर उकळते पाणी ओतल्याची हकीकत त्या काळच्या वृत्तान्तांत येते. अन्नपिकाला बेटावर पहिला विरोध झाला तो निसर्गाकडून नव्हे, हे येथे लक्षात ठेवावे. मका व मॅनिऑक यांच्यावर ‘गुलामांचे अन्न’ हा जो शिक्का बसला, तो पुढे दोनशे वर्षांनी आडवा येणार होता.

पुढे १७६७ ते १७७२ या काळात प्येर प्वाव्र या प्रशासकाने शेतीकडे आणि वनरक्षणाकडे लक्ष दिले. त्याचे नाव आज पांप्लमूसच्या उद्यानामुळे व तेथे रुजविलेल्या लवंग-जायफळामुळे घेतले जाते. प्रत्यक्षात बेटाचे पोट भरत होते शेजारच्यांच्या जिवावर : बूरबाँहून (आजचे रेयुनियाँ) गहू व मका, मादागास्करहून तांदूळ व गुरे. इंग्रजांनी हे नीट हेरले होते की काय, असे त्यांच्या चढाईचा क्रम पाहता वाटते. १८०९ मध्ये त्यांनी रॉड्रिग्जवर तळ ठोकला, जुलै १८१० मध्ये बूरबाँ घेतले, आणि डिसेंबरमध्ये मॉरिशस. कोठार हातचे गेल्यावर किल्ल्याचे काय राहते?

मादागास्करवरील भिस्त इंग्रजी अमलातही सुटली नाही. जून १८४५ मध्ये इंग्रज व फ्रेंच यांच्या नौदलांनी तामाताव बंदरावर हल्ला केला. तो परतविल्यानंतर राणी रानावलोना पहिली हिने तांदूळ व गुरांचा व्यापार बंद केला. ही बंदी १८५३ पर्यंत टिकली, आणि ती उठविण्यासाठी मॉरिशसच्या व्यापाऱ्यांना पंधरा हजार डॉलरची भरपाई द्यावी लागली. साखरेच्या जोरावर ऐश्वर्यात लोळणारे बेट मांस आणि भातासाठी शेजारच्या राणीपुढे हात पसरते, हे दृश्य तत्कालीनांना खटकले असावे. परंतु त्याने ऊस एका एकरानेही कमी झाल्याचे दिसत नाही.

करारातील तांदूळ

तो कमी होण्याचे कारणही नव्हते. १८२५ मध्ये मॉरिशसच्या साखरेवरील ब्रिटनमधील जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी करण्यात आली. त्या वेळी सुमारे दहा हजार टन असलेले उत्पादन १८५० च्या दशकाअखेर लाख टनांच्या पुढे गेले. फेब्रुवारी १८३५ मध्ये गुलामगिरी संपली. तत्पूर्वीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, कलकत्त्याहून छत्तीस मजुरांची तुकडी ‘ॲटलास’ जहाजातून उतरली होती. पुढील सुमारे पाऊण शतकात कलकत्ता, मद्रास व मुंबई या बंदरांतून सुमारे साडेचार लाख हिंदी मजूर या बेटावर आले. मुंबईहून चढलेल्यांत कोकणातील व घाटावरील मराठी माणसे होती.

या मजुरांच्या कराराचा अभ्यास वेतन, दंड आणि हालअपेष्टा यांच्या संदर्भात पुष्कळ झाला आहे. ह्यू टिंकर यांनी १९७४ मधील आपल्या ग्रंथाच्या शीर्षकातच या पद्धतीला नवी गुलामगिरी म्हटले. एका दिवसाच्या गैरहजेरीबद्दल दोन दिवसांचा पगार कापण्याची ‘दुहेरी कपात’ तर कुप्रसिद्धच आहे. परंतु करारातील शिध्याकडे जितके लक्ष द्यावयास हवे तितके दिले गेलेले नाही. दरमहा पाच रुपयांच्या पगाराबरोबर मजुराला तांदूळ, डाळ, मीठ आणि तेल वा तूप मिळे. सर्वांना तांदूळ. आता हे मजूर मूळचे काय खात होते, हे पाहू. रत्नागिरीच्या डोंगरउतारावरील कुणबी नाचणी आणि वरीवर वर्ष काढीत असे. पिकविलेला भात बहुधा खंडात आणि सावकारीत जाई. सातारकडचा माणूस ज्वारी-बाजरीचा. भोजपुरी मुलखातील गरिबाच्या घरी मका, जव आणि सातू. तमिळ मजुराला केळवरगू म्हणजे नाचणी परिचयाची. या साऱ्यांच्या भिन्न भिन्न जेवणांवर मळ्याने एकच धान्य आणले. त्यामागे मजुरांविषयीचा कनवाळूपणा नव्हता. तांदूळ पोत्यांतून येतो, टिकतो, मापाने वाटता येतो, आणि मुख्य म्हणजे त्याच्यासाठी बेटावरची एक वितीचीही जमीन अडत नाही.

सणासुदीला मिळणारा भात रोज मिळू लागल्यावर तो सोडावासा वाटणार नाही, हे उघड आहे. पुढील पिढ्यांसाठी भात हेच जेवण झाले. शिध्याची पद्धत मागे पडून रोख मजुरी आली तेव्हा तोच तांदूळ कोपऱ्यावरच्या चिनी दुकानदाराकडून उधारीवर येऊ लागला. गाळपाच्या हंगामात खाते फेडायचे आणि रिकाम्या महिन्यांत पुन्हा चढवायचे, असा क्रम बसला. ज्या सवयीला वसाहतीच्या अधिकाऱ्यांनी पुढे मजुरांचा हट्ट मानले, ती साखरेच्या अर्थव्यवस्थेनेच घडविली होती.

याला एक दुसरी, कमी दिसणारी बाजू आहे. मळ्यांवरील वसाहतींत खोपटाभोवती जी हातभर जागा मिळे तिच्यात मजुरांनी भाज्या लावल्या. उसाच्या वाढ्यांवर गाय पोसली आणि दूध विकले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भाजीपाला व दूध यांचा बेटावरील व्यापार मोठ्या प्रमाणावर हिंदी कुटुंबांकडे आला. त्याच सुमारास साखरेचे भाव घसरल्याने मळेवाल्यांनी कडेच्या, खडकाळ जमिनी तुकड्यांनी विकावयास काढल्या. गाठीला पैसा बांधलेल्या हिंदी मजुरांनी त्या घेतल्या, आणि १९२० च्या सुमारास ऊसक्षेत्राचा सुमारे एक तृतीयांश भाग हिंदी मालकांकडे होता. मात्र या छोट्या शेतकऱ्यांनीही मुख्यत्वे ऊसच लावला. कारखाना उसालाच पैसे देत होता, कर्ज उसावरच मिळत होते. अन्न राहिले परसात. मॉरिशसच्या क्रिओल भाषेत पालेभाजीला ‘ब्रेद’ म्हणतात; तेथील ‘ब्रेद मुरुम’ म्हणजे शेवग्याचा पाला आणि ‘ब्रेद सोंज’ म्हणजे आपला अळू. कोकणातल्या परसाशी असलेले हे नाते कोणत्याही सरकारी योजनेत नव्हते, म्हणूनच ते टिकले असावे.

१९४२ ते १९४५

दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभी लागवडीखालील जमिनीपैकी सुमारे नव्वद टक्के जमिनीवर ऊस उभा होता. साखर ब्रिटिश सरकार एकगठ्ठा विकत घेत होते, त्यामुळे युद्ध आले तरी मळ्यांची चिंता मर्यादित होती. रंगून पडल्यावर चित्र पालटले. १९४२ च्या मध्यास जपानी पाणबुड्यांनी मोझांबिकच्या खाडीत जहाजे बुडविण्यास सुरुवात केली. ब्रह्मदेशाचा तांदूळ गेला, आणि हिंदुस्थानातून तो मिळण्याची शक्यताही मावळली. तेथे काय वाढून ठेवले होते ते १९४३ मध्ये दिसले.

सरकारने मग दोनशे वर्षांपूर्वी ला बुर्दोनेने केले तेच केले. मळ्यांना जमिनीचा ठराविक हिस्सा अन्नपिकांखाली आणण्याची सक्ती करण्यात आली. मका, मॅनिऑक, रताळी, भुईमूग अशी पिके उसाच्या जागी आली. शिधावाटप सुरू झाले. वसाहतीच्या प्रशासनाने एरवी साखरेच्या हितसंबंधांना धक्का लावण्याचे धाडस क्वचितच केले होते. त्या दृष्टीने हे पाऊल मोठे होते, आणि त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. जमीन अन्न देऊ शकते, हे दोन-तीन हंगामांत सिद्ध झाले.

परंतु ते अन्न लोकांना आपले वाटले नाही. शंभर वर्षे तांदळावर वाढविलेल्या समाजापुढे मक्याचे पीठ व मॅनिऑक आले, तेही टंचाईच्या भावात आणि मळ्याच्या मर्जीने. मका दळण्याची, शिजविण्याची रीत बहुतेक घरांतून नाहीशी झालेली होती. आजीच्या हातची नाचणीची भाकरी नातवाला ठाऊक नव्हती, मग मक्याची कोठून असणार? पेरणीची सक्ती करता येते, रुचीची करता येत नाही.

याच पार्श्वभूमीवर उत्तरेकडील मळ्यांत असंतोष वाढला. महागाई चढत होती, मजुरी त्या मानाने थिजलेली होती आणि पोटाला पुरेसे मिळत नव्हते. हरिप्रसाद रामनारायण यांच्यासारखे कार्यकर्ते मजुरांना संघटित करीत होते. २७ सप्टेंबर १९४३ रोजी बेल व्ह्यू आरेल या मळ्यावर संपकरी मजुरांच्या वस्तीत पोलिसांनी गोळीबार केला. चार जण मृत्युमुखी पडले. त्यांत अंजले कुपेन ही गरोदर स्त्री होती. मूडी आयोगाने या प्रकाराची चौकशी केली. मॉरिशसच्या राष्ट्रीय इतिहासात हा प्रसंग कामगार चळवळीचा व राजकीय जागृतीचा टप्पा म्हणून नोंदला जातो, आणि तेथील एका क्रीडांगणाला अंजलेचे नाव दिलेले आहे. हे यथायोग्यच आहे. तथापि या गोळीबाराला अन्नाच्या इतिहासातही स्थान द्यावयास हवे. ज्या मळ्यांवर सरकारी हुकमाने अन्न पिकत होते, त्याच मळ्यांवर राबणारे लोक अन्नाच्या तुटवड्याने संपावर होते. अन्नाचे क्षेत्र वाढले होते. ते अन्न कोणाच्या अखत्यारीत असावे हा प्रश्न तसाच होता.

१९४५ मध्ये एकाच हंगामात तीन चक्रीवादळे बेटावरून गेली आणि पिकांची धूळधाण झाली. युद्ध संपले. तांदळाच्या बोटी हळूहळू पुन्हा येऊ लागल्या आणि मका, मॅनिऑक यांची जागा उसाने परत घेतली. १९५१ च्या राष्ट्रकुल साखर करारामुळे साखरेला हमीचा भाव मिळू लागल्यावर युद्धकालीन प्रयोगाकडे वळून पाहण्याची कोणालाच निकड उरली नाही. माहेबुर्गला १८७० पासून मॅनिऑकची बिस्किटे बनविणारा एक कारखाना आहे, तो काय तो चालू राहिला.

उसाच्या दोन ओळींमध्ये

हिवतापाचे निर्मूलन झाल्यावर १९५० च्या दशकात लोकसंख्या झपाट्याने वाढली. १९६० मध्ये ‘कॅरल’ या वादळाने उसाच्या पिकाचा निम्म्याहून अधिक भाग उद्ध्वस्त केला. जेम्स मीड यांच्या १९६१ मधील अहवालाने बेटाच्या आर्थिक भवितव्याविषयी गंभीर चिंता व्यक्त केली. १२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाले तेव्हा निर्यातीच्या उत्पन्नाचा नऊ दशांशांहून अधिक भाग एकट्या साखरेचा होता. नव्या सरकारला ऊस तोडणे परवडणारे नव्हते आणि अन्नाची आयात वाढू देणेही परवडणारे नव्हते.

या कोंडीतून जी वाट निघाली ती प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची वाटते. नव्याने लावलेला वा नुकताच तोडलेला ऊस जमीन झाकण्यास काही महिने घेतो. तोपर्यंत दोन ओळींमधील पट्टा उघडाच असतो. या पट्ट्यात बटाटा घ्यावयाचा, आणि ऊस वर येण्याआधी काढून घ्यावयाचा. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या ऊस संशोधन संस्थेने या आंतरपिकाचे वाण, अंतर व खतांची मात्रा यांवर काम केले. साखर उद्योगाच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेने अन्नपिकाचा अभ्यास करावा, हा बदल लहान नव्हता. परिणाम असा झाला की उसाचे क्षेत्र न घटविता बटाट्याची बहुतांश गरज बेटावरच भागू लागली. युद्धकालीन मक्याला जे साधले नाही ते बटाट्याला साधले. त्याची कारणे साधी होती : बटाटा लोक आधीपासून खात होते, तो बाजारात खपत होता, आणि लहान शेतकऱ्याला पहिला ऊस हाती येण्याआधी त्यातून रोख पैसा मिळत होता. हुकमाची गरज पडली नाही.

याच काळात रॉड्रिग्जकडेही पाहिले पाहिजे. मॉरिशसच्या पूर्वेस सुमारे साडेपाचशे किलोमीटरवरील, अवघ्या १०८ चौरस किलोमीटरच्या या बेटावर मळे कधी उभे राहिले नाहीत. तेथील लोकांनी मका, घेवडा, कांदा-लसूण पिकविला, गुरे-शेळ्या पाळल्या, मासे खारवले, आणि त्यातील वाढावा मॉरिशसला धाडला. कोरड्या, उताराच्या जमिनीचे हे गरीब बेट श्रीमंत थोरल्या बेटाला अन्न पुरवीत होते. लहान बेटाला अन्न पिकविणे अशक्यच असते, या समजुतीला याहून चांगले उत्तर शोधावे लागणार नाही. रॉड्रिग्जला २००२ मध्ये स्वायत्तता मिळाली. पाण्याच्या टंचाईने व जमिनीच्या धुपीने तेथील शेती मात्र खंगत गेली आहे.

हमीभाव संपल्यानंतर

१९७५ च्या लोमे करारातील साखर संकेताने मॉरिशसला युरोपात दरवर्षी सुमारे पाच लाख टन साखर जागतिक भावापेक्षा चढ्या दराने विकण्याची मुभा दिली. तिसऱ्या जगातील अन्य कोणत्याही देशाचा वाटा इतका मोठा नव्हता. या पैशातून शाळा, रुग्णालये, कापड गिरण्या उभ्या राहिल्या, हे मान्य केलेच पाहिजे. १९८० च्या दशकापासून तांदूळ व पीठ सरकारी व्यापार महामंडळामार्फत आणून सवलतीच्या दराने विकले जाऊ लागले. करारातील शिध्याचे हे लोकशाही रूप म्हणता येईल. धान्य मात्र बोटीनेच येत राहिले.

युरोपीय संघाने साखरेचा भाव टप्प्याटप्प्याने छत्तीस टक्क्यांनी उतरविला आणि २००९ मध्ये तो संकेत संपुष्टात आला. अनेक लहान शेतकऱ्यांनी ऊस सोडला. येथे एक संधी होती : उसातून मोकळी झालेली जमीन अन्नाकडे वळेल, असे कोणालाही वाटले असते. तसे फारसे झाले नाही. काही जमीन पडीक राहिली. मोठ्या मळ्यांच्या काही जमिनींवर २००२ च्या एकात्मिक रिसॉर्ट योजनेखाली परदेशी धनिकांसाठी बंगले व गोल्फची मैदाने आली. जो ऊस टिकला तो यंत्राने तोडण्यासाठी शेते खडक काढून सपाट करण्यात आली, आणि यंत्राच्या सोयीने आखलेल्या शेतात आंतरपिकाला वाव कमी राहिला.

२००८ मध्ये जगभर धान्याचे भाव भडकले आणि भारताने बिगर-बासमती तांदळाची निर्यात रोखली, तेव्हा मॉरिशस सरकारने अन्नसुरक्षा निधी उभारला. त्याच सुमारास मोझांबिकमध्ये जमीन मिळवून तेथे धान्य पिकविण्याची योजना पुढे आली. ज्या बेटावर जमीन पडीक पडत होती त्याने धान्यासाठी आफ्रिकेत जमीन शोधावी, यातील विसंगती तेव्हाच्या उत्साहात झाकली गेली. घोषणेच्या मानाने त्या योजनेतून हाती काही आले नाही.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत बेटावरची मोठी दुकाने काही दिवस पूर्णपणे बंद होती. ती उघडल्यावर आडनावाच्या आद्याक्षरानुसार वार ठरवून लोकांना खरेदीची परवानगी देण्यात आली. त्याच वर्षी जुलैमध्ये ‘वाकाशिओ’ हे जहाज आग्नेय किनाऱ्यावर रुतले, त्यातून सुमारे एक हजार टन तेल सांडले आणि त्या भागातील मासेमारी बंद ठेवावी लागली. आज देशाच्या अन्नाच्या गरजेपैकी सुमारे तीन चतुर्थांश भाग आयातीतून भागतो.

२० जुलै २०२३ रोजी भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर पुन्हा बंदी घातली. मॉरिशसने विनंती केली, आणि ३० ऑगस्ट रोजी त्या देशासाठी १४ हजार टनांची खास परवानगी निघाली. भूतान व सिंगापूर यांनाही त्याच दिवशी आपापला कोटा मिळाला. मैत्रीखातर मिळालेल्या या परवानगीचे पोर्ट लुईत स्वागत झाले असल्यास नवल नाही. बंदी सप्टेंबर २०२४ मध्ये उठली. ज्या देशातून १८३४ मध्ये मजूर आणि त्यांचा शिधा दोन्ही जहाजाने आले, त्याच देशाच्या एका अधिसूचनेवर त्या मजुरांच्या सहाव्या-सातव्या पिढीच्या भाताचा हिशेब मधले सुमारे चौदा महिने अवलंबून होता.